उमेदवार निवडतो कोण? – ऑस्ट्रेलियातील पक्षांतर्गत चुरस



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल, की आपल्या दारातल्या निवडणुकांचा धुरळा पुरेसा नाही म्हणून की काय, या गृहस्थाने थेट ऑस्ट्रेलिया गाठला! शंका वाजवी आहे. परंतु आपल्या येथील तिकीटवाटपाविषयी बोलू लागले, की दुसऱ्याच वाक्याला श्रोत्यांत दोन तट पडतात आणि वक्ता कोणत्या तटातला याचीच चर्चा अधिक होते. ऑस्ट्रेलियातील भांडणात आपला कोणी भाचा-पुतण्या गुंतलेला नाही. त्यामुळे ती हकीकत आपल्याला शांतपणे पाहता येईल. शिवाय त्या देशात निवडणुकांची परंपरा जुनी आहे, पक्ष शिस्तीचे आहेत आणि झालेल्या गोष्टींची नोंद चोख ठेवलेली आहे. म्हणून एखाद्या पक्षात उमेदवार कसा ठरतो, त्यासाठी आपापसांत कशी झुंज लागते आणि त्या झुंजीचे फळ अखेर कोणाच्या पदरात पडते, हे पाहण्यास तो देश फार सोयीचा आहे.

दोन निवडणुका

प्रत्येक उमेदवाराला वस्तुतः दोन निवडणुका लढवाव्या लागतात. एक पक्षाच्या आत आणि दुसरी लोकांपुढे. दुसरीची व्यवस्था ऑस्ट्रेलियाने अतिशय काळजीपूर्वक केली आहे. केंद्रीय निवडणुकांत मतदान करणे १९२४ च्या कायद्याने सक्तीचे झाले. मतदानाला न जाणाऱ्यास दंड होतो आणि म्हणून तेथे सुमारे नव्वद टक्के मतदार मतदान करतात. एका मतदारसंघात साधारण लाखभर मतदार असतात. यादी सरकारी, पेट्या सरकारी, मोजणी सरकारी.

पहिल्या निवडणुकीकडे वळावे, तर चित्र पार बदलते. तेथे मतदार म्हणजे पक्षाचे सभासद, किंवा त्यांनी पाठवलेले प्रतिनिधी, किंवा नुसती कार्यकारिणी. संख्या कधी दोनशे, कधी वीस, कधी तीन! सभा बंद दाराआड चालते. आणि जी जागा पिढ्यान्पिढ्या एकाच पक्षाकडे आहे, तेथे खरा निकाल याच दाराआड लागतो. पुढे लाखभर लोक जे करतात ते बहुधा शिक्कामोर्तब असते.

या दाराआड कायद्याचा हात कितपत पोहोचतो? १९३४ साली हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टापुढे आला होता. व्हिक्टोरिया राज्याचे मुख्यमंत्रिपद दोनदा भूषवलेले हॉगन यांना लेबर पक्षाने काढून टाकले होते. त्यांनी दाद मागितली. कोर्टाने सांगितले, की राजकीय पक्ष ही लोकांनी स्वेच्छेने उभारलेली संस्था आहे. तिच्या नियमांना कराराचे स्वरूप नाही. आम्ही तिच्या घरगुती कारभारात पडणार नाही. पुढील काळात काही न्यायालयांनी ही भूमिका थोडी सैल केली. तथापि पक्षाचे भांडण पक्षानेच मिटवावे, हा विचार पुष्कळ अंशी टिकून राहिला.

प्रतिज्ञा आणि तिचे परिणाम

ही झुंज तेथे सुरू कशी झाली, हे जाणून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८९१ साली न्यू साउथ वेल्स या वसाहतीच्या विधिमंडळात मजुरांच्या पक्षाचे ३५ सभासद एकदम निवडून आले. आनंदाला पारावार राहिला नाही. परंतु थोड्याच काळात जकातीच्या प्रश्नावर ते फुटले. कोणी इकडे मत दिले, कोणी तिकडे. ज्या कामगारांनी पदरमोड करून त्यांना पाठवले होते, त्यांना वाटले, की आपण माणसे पाठवली खरी, पण ती आपली राहिली नाहीत. तेव्हा उपाय निघाला तो प्रतिज्ञेचा. पक्षाची उमेदवारी हवी असेल त्याने लेखी शपथ घ्यावी, की पक्षाच्या सभेत बहुमताने जे ठरेल त्याप्रमाणे मी मत देईन.

सर्वांनाच ही अट पटली नाही. जोसेफ कुक हे मूळचे खाणकामगार. मजूर पक्षाचे पुढारी असूनही १८९४ मध्ये प्रतिज्ञा नाकारून ते बाहेर पडले आणि १९१३ साली विरोधी बाजूचे पुढारी म्हणून देशाचे पंतप्रधान झाले! दुसरे उदाहरण बिली ह्यूज यांचे. हे तर लेबर पक्षाचे चालते पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती करावी असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा सप्टेंबर १९१६ मध्ये त्यांच्याच राज्यातील पक्षशाखेने त्यांना काढून टाकले. पंतप्रधानाला शाखेने घरी पाठवावे, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला खरी वाटणार नाही. ह्यूज मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी नवा पक्ष उभा केला, सिडनीची जागा सोडून व्हिक्टोरियातील बेंडिगो येथून १९१७ ची निवडणूक लढवली आणि पंतप्रधानपद आपल्याकडेच राखले.

या साऱ्या प्रकरणातील पेच गॉर्डन चाइल्ड यांनी १९२३ साली एका पुस्तकात मांडला. हेच गृहस्थ पुढे पुराणवस्तुसंशोधक म्हणून जगप्रसिद्ध झाले. परंतु त्यापूर्वी ते न्यू साउथ वेल्सच्या एका मुख्यमंत्र्याचे चिटणीस होते आणि पक्षाचे आतले वारे त्यांनी जवळून पाहिले होते. निवडून दिलेल्या माणसावर निवडून देणाऱ्याचा ताबा कसा राहावा, हा तो पेच. उमेदवारी देण्याचा अधिकार हा त्या ताब्याचा लगाम होय. म्हणून तो लगाम कोणाच्या हाती, यावरून एवढी ओढाताण चालते.

हा लगाम शाखांच्या हातून हळूहळू कार्यकारिणीच्या हाती गेला. मार्च १९६३ मध्ये कॅनबेरा येथील एका हॉटेलात लेबर पक्षाचे ३६ प्रतिनिधी धोरण ठरवण्यास बसले होते. पक्षाचे संसदेतील नेते कॉल्वेल आणि उपनेते व्हिटलम यांना त्या सभेत स्थान नव्हते. रात्री ते दोघे रस्त्यावर दिव्याखाली निर्णयाची वाट पाहत उभे असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पंतप्रधान मेन्झीस यांना आयतेच हत्यार मिळाले. ‘छत्तीस बिनचेहऱ्याची माणसे’ हा शब्दप्रयोग त्या वर्षीच्या निवडणुकीत घरोघर पोहोचला आणि लेबर पक्षाचा पराभव झाला.

मात्र मध्यवर्ती हस्तक्षेप नेहमी वाईटच, असेही समजू नये. व्हिक्टोरियातील पक्षशाखा वर्षानुवर्षे एकाच गटाच्या मुठीत होती. निवडणुका हरल्या तरी त्या गटाचे आसन हलत नव्हते. १९७० साली केंद्रीय कार्यकारिणीने ती शाखा ताब्यात घेऊन नव्याने रचली. १९७२ मध्ये २३ वर्षांनंतर व्हिटलम यांच्या नेतृत्वाखाली लेबर पक्ष सत्तेवर आला, त्यात या दुरुस्तीचा वाटा होता. तसेच १९९४ च्या परिषदेत पक्षाने ठरवले, की जिंकण्याजोग्या जागांपैकी निदान ३५ टक्के जागी २००२ पर्यंत स्त्रियांना उमेदवारी मिळाली पाहिजे. ‘जिंकण्याजोग्या’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. पडणाऱ्या जागा देऊन उदारपणा मिरवण्याची वाट त्याने बंद केली. आज त्या पक्षाच्या संसद सभासदांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. केवळ स्थानिक शाखांवर सोडले असते, तर हे इतक्या लवकर घडले नसते.

सभासदांची खोगीरभरती

आता कोणी म्हणेल, कार्यकारिणी नको, सगळे स्थानिक सभासदांवर सोपवा, म्हणजे लोकशाही आली. परंतु हे सभासद येतात कोठून? आपल्या गावातील एखाद्या सहकारी संस्थेची किंवा वाचनालयाची निवडणूक जवळ आली, की सभासदांची संख्या एकाएकी कशी फुगते, हे आपण पाहिलेलेच आहे. ज्यांनी उभ्या आयुष्यात पुस्तक उघडले नाही ते रांग लावून वर्गणी भरतात, आणि वर्गणीचे पैसे कोणा दुसऱ्याच्या खिशातून येतात. ऑस्ट्रेलियात याला शाखा फुगवणे अशा अर्थाचा खास शब्दच रूढ आहे.

क्वीन्सलँडमध्ये तर याहून पुढची पायरी गाठली गेली. तेथे उमेदवार-निवडीत मत देण्यासाठी सभासदाचे नाव त्या भागातील सरकारी मतदारयादीत असावे लागे. नियम चांगल्या हेतूने केलेला. परिणाम असा झाला, की काही मंडळींनी सरकारी यादीतच खोटे पत्ते घातले. २००० साली याची रीतसर चौकशी झाली आणि राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. गंमत पाहा, मुख्यमंत्री बीटी यांनी घर साफ करण्याचे आश्वासन देऊन फेब्रुवारी २००१ मध्ये निवडणूक घेतली आणि ८९ पैकी ६६ जागा मिळवल्या. दोष कबूल करून तो दूर करण्यास निघालेल्या पक्षाला लोकांनी शिक्षा केली नाही.

व्हिक्टोरियात २०२० साली शाखा फुगवण्याचे आरोप वृत्तपत्र व दूरचित्रवाणीवरून पुढे आले, तेव्हा केंद्रीय कार्यकारिणीने त्या राज्यातील सर्वच सभासदांचा मताधिकार काही वर्षांसाठी काढून घेतला. खोटे सभासद गाळता गाळता वीस-तीस वर्षे पत्रके वाटणाऱ्या, सभेच्या खुर्च्या मांडणाऱ्या खऱ्या सभासदांनाही मूग गिळून बसावे लागले. या रोगाची खरी किंमत ती माणसे मोजतात.

वेंटवर्थची कथा

एकाच मतदारसंघाची गोष्ट सांगतो, म्हणजे हे सगळे एकत्र पाहता येईल. सिडनीच्या बंदराच्या दक्षिण काठावर श्रीमंत वस्तीचा वेंटवर्थ नावाचा मतदारसंघ आहे. लेबर पक्षाला तो आजवर कधीच मिळालेला नाही. तेव्हा लिबरल पक्षाची उमेदवारी मिळाली, की खासदारकी मिळालीच, असा हिशेब. पीटर किंग हे २००१ मध्ये तेथून निवडून आले, तेही पक्षाच्याच बसलेल्या खासदाराला उमेदवारीच्या लढतीत हरवून. तीन वर्षांनी तोच प्रसंग त्यांच्यावर आला. माल्कम टर्नबुल हे नामांकित वकील आणि धनाढ्य उद्योजक; १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाला प्रजासत्ताक करण्याच्या चळवळीचे ते पुढारी होते. त्यांनी वेंटवर्थवर दावा सांगितला. दोन्ही बाजूंनी सभासदांची जंगी भरती झाली. फेब्रुवारी २००४ मध्ये मतदान झाले, तेव्हा टर्नबुल यांना ८८ आणि किंग यांना ७० मते पडली. मतदारसंघातील हजारो मतदारांच्या वतीने एकशे अठ्ठावन्न माणसांनी निकाल दिला.

किंग यांनी बंडखोरी केली आणि ते अपक्ष म्हणून उभे राहिले. आपल्या पद्धतीत अशा वेळी दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला असता. तेथे तसे होत नाही, कारण मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. आपल्यापैकी जे पदवीधर मतदारसंघात विधान परिषदेसाठी मत देतात, त्यांना ही रीत परिचित आहे. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर तळाच्या उमेदवाराला वगळून त्याची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. ही पद्धत आली तीही अशाच फाटाफुटीमुळे. १९१८ मध्ये स्वान येथील पोटनिवडणुकीत लेबरविरोधी मते दोन उमेदवारांत विभागली आणि सुमारे एक-तृतीयांश मतांवर लेबरचा तरुण उमेदवार निवडून आला. त्याच वर्षी सरकारने पसंतीक्रमाचा कायदा केला. वेंटवर्थमध्ये किंग यांना सुमारे १८ टक्के मते मिळाली. पहिल्या पसंतीत टर्नबुल यांना निम्मी मतेही नव्हती. पण पुढच्या पसंतीवर ते निवडून आले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान झाले.

परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी त्यांना पायउतार केले. त्यांनी खासदारकी सोडली. पोटनिवडणुकीत पक्षाने डेव्ह शर्मा हे माजी राजदूत उभे केले. माणूस लायक होता, स्थानिक सभासदांनी रीतसर निवडलेला होता. पण आपला खासदार, जो देशाचा पंतप्रधान होता, त्याला बंद खोलीत काढून टाकले, याचा राग लोकांच्या मनात होता. पहिल्या पसंतीत शर्मा पुढे असूनही पसंतीची मते मोजल्यावर केरिन फेल्प्स या अपक्ष डॉक्टर जिंकल्या, आणि सरकारचे लोकसभेतील बहुमत गेले.

टर्नबुल यांच्या जागी आलेले स्कॉट मॉरिसन यांची स्वतःची उमेदवारीही याच मुशीतून निघालेली होती. २००७ मध्ये कुक या मतदारसंघात पक्षाच्या निवडीत त्यांना पहिल्या फेरीत अवघी ८ मते मिळाली. मायकेल टोक हे जिंकले. त्यानंतर टोक यांच्याविरुद्ध वृत्तपत्रात मजकूर आला. राज्य कार्यकारिणीने त्यांची निवड मान्य केली नाही. फेरनिवडीत मॉरिसन आले. टोक यांनी वृत्तपत्रावर बदनामीचा दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. तोवर निवडणूक होऊन गेली होती. आठ मतांचा धनी अकरा वर्षांनी पंतप्रधान झाला. पुढे २०२२ च्या निवडणुकीपूर्वी न्यू साउथ वेल्समधील अनेक जागांचे उमेदवार त्रिसदस्य समितीने ठरवले, आणि त्या तिघांत एक स्वतः मॉरिसन होते. याच राज्यात २०१८ मध्ये मोठ्या खटपटीने ‘एक सभासद, एक मत’ हा नियम मंजूर झाला होता. तो कागदावर राहिला. कोर्टात गेलेल्यांच्याही हाती काही लागले नाही.

फाउलरचा धडा

हा रोग एकाच पक्षाचा नाही. सिडनीच्या पश्चिमेस फाउलर मतदारसंघ आहे. १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांनी तेथील कॅब्रामॅटा या उपनगरात संसार थाटले. १९८४ पासून ही जागा सतत लेबरकडे होती. निवृत्त होणाऱ्या खासदाराने तू ले या व्हिएतनामी कुळातील स्थानिक तरुण वकील बाईंचे नाव सुचवले. त्याच सुमारास पक्षाच्या वरिष्ठ गटांत सिनेटच्या यादीतील क्रमांकावरून पेच पडला होता. क्रिस्टीना केनिली या राज्याच्या माजी मुख्यमंत्री आणि सिनेटर; त्यांना यादीत भरवशाचे स्थान मिळेना. तेव्हा पक्षाने त्यांना फाउलर दिले. केनिली बाई राहत होत्या सिडनीच्या दुसऱ्या टोकाला एका बेटावर. सिनेटच्या यादीतील अडचण सोडवण्यासाठी कॅब्रामॅटाची जागा खर्ची पडली.

२१ मे २०२२ रोजी देशभर लेबरचा विजय झाला, सरकार आले. फाउलरमध्ये मात्र उपऱ्या उमेदवाराचा पराभव झाला. जिंकल्या दाई ले. लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या, तेथेच वाढलेल्या आणि तेथील नगरपालिकेत काम केलेल्या अपक्ष. ज्या मतदारांना पक्षाने आपल्या घरचे समजले होते, त्यांनी सांगितले, की घर आमचे आहे. २०२५ मध्ये पक्षाने शहाणपणा करून तू ले यांनाच उभे केले. पण एकदा हातची गेलेली जागा परत आली नाही. दाई ले पुन्हा निवडून आल्या.

२०२२ मध्येच लिबरल पक्षाच्या सहा बालेकिल्ल्यांतून नव्या अपक्ष स्त्रिया निवडून आल्या. खुद्द मेन्झीस यांचे कूयाँग त्यांत होते, वेंटवर्थही होते. यांपैकी अनेक ठिकाणी गावातील लोकांनी घरोघर बैठका घेतल्या, आम्हाला कसा प्रतिनिधी हवा हे आधी ठरवले आणि मग उमेदवार शोधला. म्हणजे पहिली निवडणूक त्यांनी पक्षाच्या खोलीतून उचलून आपल्या ओसरीवर आणली.

बोध कोणता?

मित्रहो, या साऱ्यातून निष्कर्ष काढताना सावध राहिले पाहिजे. उमेदवारीसाठी स्पर्धा होते ही गोष्ट वाईट नाही. जेथे स्पर्धाच नाही तेथे कोणी तरी आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. स्थानिक निवड पवित्र आणि मध्यवर्ती निवड अपवित्र, असेही म्हणता येत नाही. क्वीन्सलँडने पहिल्या समजुतीला उत्तर दिले आहे आणि १९७० च्या व्हिक्टोरियाने दुसऱ्या. कोणताही नियम केला, की तो वाकवणारा जन्माला येतोच.

मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. निर्णय करणाऱ्यांना त्या निर्णयाचे परिणाम भोगावे लागतात काय? फाउलरचा उमेदवार ठरवणाऱ्या माणसांना फाउलरच्या दवाखान्यात रांग लावायची नव्हती. उसन्या वर्गणीवर सभासद झालेल्या माणसाला मत दिल्यानंतर त्या शाखेत पुन्हा पाऊल टाकायचे नव्हते. दोन्हींकडे दोष एकच, की ज्यांना तेथे नांदायचे आहे ते बाहेर आणि ज्यांना नांदायचे नाही ते आत.

आणि यावर अखेरचा उपाय कोणत्याही घटनेत वा नियमावलीत नसून मतदाराजवळ आहे. ऑस्ट्रेलियातील मतदाराला पसंतीक्रमामुळे तो वापरणे सोपे जाते, हे खरे. आपला पक्ष बुडेल या भीतीने नको असलेला उमेदवार गिळण्याची त्याच्यावर पाळी येत नाही. तरीसुद्धा वेंटवर्थ आणि फाउलर येथे जे घडले ते केवळ पद्धतीने घडवले नाही. पक्षाच्या चिन्हाकडे पाहून मत देण्याची पिढीजात सवय लोकांनी मोडली, तेव्हा ते घडले. जी जागा पक्षाला पूर्ण सुरक्षित वाटते, तेथील मतदाराला विचारण्याची गरज पक्षाला उरत नाही. म्हणून उमेदवाराचे नाव जाहीर होईल तेव्हा, तो कोणत्या पक्षाचा हे विचारण्याबरोबरच, तो कोणी निवडला, किती जणांनी निवडला आणि निवडणारे राहतात कोठे, एवढे तीन प्रश्न नागरिकांनी विचारावेत. सिडनीत विचारावेत तसे अन्यत्रही विचारावेत; ते अन्यत्र कोठे, हे सांगण्याची या सभेत गरज नाही.